हेमराजचा हत्ती

"…आणि शेवटचा माणूसही उठून गेला, तर लीग चालू आहे म्हणायची का बंद पडली म्हणायची, भंतेजी?"

भंते सुमनकीर्ती पिंपळाखालची पानं झाडत होते. त्यांचा खराटा थांबला नाही.

प्रज्योत मेश्राम विहाराच्या पायरीवर मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. भंडाऱ्याहून मोटारसायकल हाणत तो पवनीच्या अलीकडच्या या लहानशा विहारात आला होता. चारी बाजूंना धानाच्या बांध्या, मध्ये दोन खोल्या आणि एक पिंपळ. घरी त्याचं जेवणावरचं मन उडालं होतं. आईच म्हणाली होती, भिंतीशी बोलत बसण्यापेक्षा भंतेंकडे जाऊन ये.

"कसली लीग?" भंतेंनी विचारलं.

आता हे भंतेंना समजावून सांगायचं म्हणजे आलीच का पंचाईत. पण प्रज्योतनं सांगितलं. पत्त्यांचा खेळ आहे, नाव गडझुंज. नेहमीच्या पत्त्यांसारखा एकच कॅट दोघांत वाटत नाहीत. ज्यानं त्यानं पाकिटं फोडून पत्ते जमवायचे, त्यांतून निवडून आपला डेक बांधायचा. एकासमोर एक बसायचं आणि समोरच्याचा गड पाडायचा. वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी दुपारी डाव लागतात. हंगाम संपला की ज्याचे गुण जास्त, त्याला ढाल.

"ढाल कुणाला मिळते?"

"मलाच, जी."

"दर हंगामात?"

"हाव, जी." प्रज्योतला यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. उलट मान जराशी ताठच झाली. "लीग मीच सुरू केली. नियम मी लिहिले, खोली मी मिळवली, टेबलं मी पुसतो. आधी पोरांना हा खेळ माहीत तरी होता का? मी शिकवला. आणि आता बघा…"

आता माडीवर पंखा फिरत असतो आणि प्रज्योत बसलेला असतो. कुणाला परीक्षा, कुणाला मोबाइल, कुणाला बायको. एकेक जण गळाला. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. मागच्या पावसाळ्यानंतर तर एकटा हेमराजच उरला होता.

"हा हेमराज कोण?"

"हेमराज निनावे. मेडिकलच्या दुकानात कामाला असतो. माझ्याहून मोठा आहे वयानं, दोन पोरी आहेत त्याला. खेळ काही येत नाही त्याला, भंतेजी. पण यायचा. ऊन असो की पाणी, हेमराज हजर."

"आणि गेला."

"गेला."

परवाच्या रविवारी हेमराज आला, पण बसला नाही. त्यानं डेक टेबलावर ठेवला. "घ्या प्रज्योतभाऊ, नवीन कुणी आलं तर लागंल," एवढंच म्हणाला आणि जिना उतरून गेला. भांडण नाही, तक्रार नाही. वाचनालयवाले आधीच म्हणत होते, माणसं येत नसतील तर खोली शिकवणीला देतो. या रविवारी माडीवर कुणी दिसलं नाही, तर किल्ली परत करावी लागणार होती.

चारचौघांत प्रज्योतला कुणी विचारत नसे. बँकेत तो एका कोपऱ्यात बसे, लग्नाकार्यात वाढप्यांबरोबर उभा राही. त्या माडीवर मात्र त्याला मान होता. ती खोली गेली की आपण कुणीच नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याची त्याला भीती वाटत होती.

भंतेंनी पानांचा ढीग एका बाजूला केला.

"पिशवीत काय आहे?"

"डेक आहेत, जी. हा माझा. आणि हा, हेमराजनं परत केलेला. लीगचा आहे. ज्याच्याकडे पत्ते नसतील त्याला मी फुकट खेळायला देतो. कोण देतो हो असं आजकाल?"

"यानं कुणी जिंकलंय?"

प्रज्योत हसला. "नवीन माणूस काय जिंकणार, भंतेजी. शिकायला असतो तो."

"हेमराज नवीन होता?"

"सुरुवातीला होता."

"मग?"

"मग… त्यानं पाकिटं घेतली नाहीत. हाच वापरत राहिला."

"किती दिवस?"

"तीन हंगाम."

भंतेंनी खराटा भिंतीला टेकवला, आतून एक सतरंजी आणली आणि पिंपळाच्या सावलीत पसरली.

"खेळ," ते म्हणाले.

"कुणाशी? तुम्ही…"

"मला वर्ज्य आहे. तू तुझ्याशीच खेळ. हा डेक इकडे, तो तिकडे."

प्रज्योतला वाटलं, थट्टा करताहेत. पण भंतेंच्या चेहऱ्यावर थट्टेचं काही चिन्ह दिसेना. त्यानं दोन्ही डेक पिसले, समोरासमोर मांडले आणि आपल्या डेकच्या बाजूला बसला. डाव भरभर गेला. पलीकडचे पत्ते त्यानं धड वाचलेही नाहीत. वरचा उचलायचा आणि टाकायचा. पायदळ, पायदळ, पुन्हा पायदळ. त्याच्या तोफांनी पलीकडचा गड हां हां म्हणता पाडला.

"झालं," तो म्हणाला.

"आता तिकडे बस."

"जी?"

"हेमराजच्या जागेवर बस. इकडचे पत्ते लागतील तसे हात लांब करून टाक. पण बूड तिथून हलवायचं नाही."

आता मात्र प्रज्योतच्या कपाळावर आठी आली. घरी आई, इथं भंते, जो तो आपल्याला पोर समजतो. पण आला होता तो आपल्या पायानं, तक्रार कुणाकडे करणार? उठला आणि पलीकडे जाऊन बसला.

पुन्हा पिसले. पत्ते उचलले. आणि पाहतो तर हातात हत्ती.

गडझुंजीत हत्तीच्या वर पत्ता नाही. हत्ती एकदा टेबलावर उतरला की समोरच्याच्या तोफा मुक्या होतात. कितीही हरत असाल, हत्ती आला की डाव फिरतो. प्रज्योतला स्वतःचंच हसू आलं. विहारात, झाडाखाली, स्वतःशीच खेळताना त्याची छाती धडधडत होती.

फक्त एकच अट असते. हत्ती उतरवायचा तर आधी माहुताचा पत्ता टेबलावर लागतो. माहूत नाही तर हत्ती हातातच.

त्यानं वरचा पत्ता उचलला. पायदळ. टाकला. पलीकडून त्याच्याच हातानं तोफ डागली. पुन्हा उचलला. पायदळ. तटाचा एक दगड गेला. येईल, तो मनात म्हणाला, आता येईल. त्यानं पुन्हा उचलला…

पलीकडच्या डेकमधला वरचा पत्ता उचलायला त्यानं हात लांब केला. उलटा करून पाहिला.

माहूत.

पुढच्या खेपेला पलीकडे आणखी एक माहूत निघाला.

प्रज्योतचा हात तसाच राहिला.

लीगचा डेक त्यानं बांधला तेव्हा त्यात माहूत होते. चांगला बांधला होता, नीट बसून. मग एका स्पर्धेला स्वतःच्या डेकमध्ये एक कमी पडला, म्हणून यातला एक काढला. उद्या परत ठेवू, म्हणाला. मग दुसरा काढला. रिकाम्या जागी पायदळ भरलं. शेवटचा कधी काढला, हे त्याला आठवेना. हत्ती तेवढा राहिला, कारण हत्ती त्याच्याकडे आधीच पुरेसे होते. नंतर तो हे विसरला. की विसरून घेतलं, हे त्याचं त्यालाच माहीत.

त्या डेकमध्ये माहूत नव्हता. तीन हंगाम नव्हता.

"खेळ," भंते म्हणाले.

"काही उपयोग नाही, भंतेजी. हा डेक… यात माहूतच नाही. आता गड पडणारच."

"पडला?"

"अजून नाही."

"मग बस."

तो बसला. एकेक पत्ता उचलत राहिला. वरचा पत्ता काय असणार ते माहीत होतं, तरी उचलावा लागत होता. हत्ती हातात होता. पत्त्यावरच्या चित्रातली त्याची सोंड, त्याच्या पाठीवरची लाल झूल, सगळं त्याला दिसत होतं. ऊन सरकत पायांवर आलं. स्वतःच्याच तोफा आपल्या गडाचा एकेक दगड काढत आहेत, आणि आपल्याला इथून उठता येत नाही. त्याला हेमराज आठवला, असाच बसलेला, पत्ते छातीशी धरून.

आणि मग आठवू नये ते आठवलं.

एकदा हेमराजनं विचारलं होतं. माडी भरलेली होती तेव्हा. हळूच म्हणाला होता, "प्रज्योतभाऊ, मला माहूत काऊन येत नसंल?"

प्रज्योत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, "पिसता येत नाही तुम्हाला. औषधाच्या पुड्या बांधून हात जड झालेत." माडी हसली होती. हेमराजही हसला होता.

त्यानंतर हेमराज फार वेळ पिसू लागला. पत्ते चार वेळा कापायचा, पुन्हा पिसायचा, डोळे मिटून पिसायचा. समोरचे खोळंबायचे. प्रज्योत घड्याळ दाखवून ओरडायचा, "आटपा हो, दुपार संपली." एकदा कुणीतरी सांगितलं होतं, हा घरी पोरींना समोर बसवून पिसायचा सराव करतो. त्यावरही माडी हसली होती.

शेवटचा दगड गेला. गड पडला.

प्रज्योतनं हातातला हत्ती सतरंजीवर पालथा ठेवला. त्याचं तोंड वाकडं झालं. तो रडला, आणि भंतेंनी त्याला रडू दिलं. बांधीवर एक बाई वाकून निंदण करत होती, तिनं एकदा इकडे बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

"मी नीच माणूस आहे, भंतेजी."

प्रज्योतनं बाहीनं डोळे पुसले.

"त्याला सांगतो सगळं. पाय धरतो त्याचे. पोरींच्या समोर धरतो." त्यानं घाईघाईनं आपला डेक गोळा केला. त्यातले माहूत काढून लीगच्या डेकमध्ये घातले, मग थांबला. "नाही… एवढ्यानं काय होतं? हा माझाच देतो त्याला. सगळा. एवढ्या वर्षांचे पत्ते आहेत. हा घेतला तर तो कुणालाही हरवेल. मलाही हरवेल."

भंतेंनी सतरंजीवर पडलेलं एक पान उचलून बाजूला टाकलं.

"रविवारी मी हेमराजच्या जागेवर बसतो, तो माझ्या जागेवर बसू दे. ढाल घेऊन जाऊ दे. मग बाकीचेही ऐकतील, येतील…" बोलता बोलता त्याच्या डोळ्यांसमोर माडी पुन्हा भरली, टेबलं लागली, पंख्याखाली गलका सुरू झाला. त्यानं भंतेंकडे पाहिलं. "येईल ना हो, भंतेजी? हा डेक दिला तर हेमराज येईल ना?"

भंतेंनी खाली वाकून तो पालथा पत्ता उचलला, सुलटा केला आणि प्रज्योतच्या हातात दिला.

"नाही," ते म्हणाले. "हेमराज येणार नाही."

पंखा, टेबलं, गलका, सगळं जिथल्या तिथं विझलं. रविवारी किल्ली परत करायची, जिना उतरायचा, आणि सोमवारी बँकेतल्या कोपऱ्यात जाऊन बसायचं.

"कुणीच नाही येणार?"

"कुणीच नाही."

पिंपळाची पानं झाडलेल्या जागेवर पुन्हा पडत होती.

"मग…" प्रज्योतनं हातातल्या डेककडे पाहिलं. "मग हा त्याला देऊन काय उपयोग, भंतेजी?"

भंतेंनी भिंतीला टेकवलेला खराटा घेतला.

"आता नुसतं देता येईल," ते म्हणाले.