भिंतीपलीकडचा चोर

एका वस्तीवर दोन सख्खे भाऊ राहत होते. थोरला केरबा, धाकटा मारुती. घरातले केरबाला आण्णा म्हणत, मारुतीला तात्या. दोघांच्या घरांची भिंत एकच होती आणि दोघांना एकमेकांचा काडीचा भरवसा नव्हता. वाटणीत त्यांनी रान वाटलं, भांडी वाटली, पितळी घंगाळ कापता येईना म्हणून विकून टाकलं. राहिली विहीर. तिला पाळी लावली. सकाळी थोरल्याची मोटर, दुपारनंतर धाकट्याची. पाळी सोडून जो मोटर चालू करील तो चोर.

मग वस्तीवर इंटरनेट आलं. वायर लांबून ओढायची होती, म्हणून दोन्ही घरांनी मिळून एकच कनेक्शन घेतलं. वाय-फायचा डबा कुणाच्या घरात ठेवायचा? केरबा म्हणाला, मी थोरला. झालं. डबा त्याच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसला. आणि दोघा म्हाताऱ्यांनी विहिरीचा कायदा उचलून जसाच्या तसा नेटला लावला. सकाळी थोरल्याचं नेट, दुपारनंतर धाकट्याचं.

मारुतीची सून तृप्ती म्हणाली, "आण्णा, हे विहिरीसारखं नसतं. दोन्ही घरांनी एकदम वापरलं तरी पुरतं."

"विहिरीलाबी पाणी पुरतंच की," केरबा म्हणाला. "म्हणून कुणी चोरत न्हाई व्हय?"

तृप्तीने पाळी मान्य केली. तिला भांडण परवडणारं नव्हतं. एका शिकवणीच्या कंपनीने तिला गणित शिकवायला घेतलं होतं. शहरातली पोरं पडद्यावर समोर बसायची, ती इकडून शिकवायची. पण काम अजून कच्चं होतं. महिनाअखेरपर्यंत एकही तास बुडाला नाही तरच पक्कं. तास दुपारी चारचा, म्हणजे तिच्याच घराच्या पाळीत. वस्तीवर मोबाइलला रेंज नव्हती. डबा बंद पडला की तिची नोकरी गेली, हे दोन्ही घरांत सगळ्यांना ठाऊक होतं.

एकदा सकाळी केरबाचं कीर्तन मोबाइलवर अडकलं. बुवांचं तोंड उघडं ते उघडंच. केरबाने लगेच भिंतीकडे पाहिलं. आमच्या पाळीत पलीकडं कोणतरी ओढतंय. ढगाळ हवा असेल, वायरीत काही असेल, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. भाऊ आधी आला.

त्याने बाजारातून कॅमेरा आणला. माणूस बोलावून तो आपल्या भिंतीवर भावाच्या दाराकडे तोंड करून ठोकला, त्याची वायर डब्यात खुपसली, आणि चित्र मोबाइलवर घेतलं. आता तो दिवसभर सोप्यात बसून मोबाइलमध्ये शेजारचं दार बघायचा. मान वळवली असती तरी दिसलं असतं.

मारुतीही काही कमी नव्हता. त्याने सुनेला सांगून ठेवलं, "आण्णाच्या घरातलं कोण आपल्या पाळीत मोबाइल घेऊन बसलं तर मला सांग." ती म्हणाली, "तात्या, मी तास घेऊ का पहारा देऊ?" मग तो स्वतःच खुर्ची टाकून अंगणात बसू लागला.

कॅमेरा लागल्यापासून कीर्तन जास्तच अडकायला लागलं. डब्यावरचा हिरवा दिवा सारखा फडफडायचा. कॅमेरावाल्याने सांगितलं होतं, दिवा फडफडला म्हणजे नेट चाललंय. एका सकाळी केरबाने घरातले सगळे मोबाइल बंद करून पाहिलं. तरी फडफड. बस, त्याला पुरावा मिळाला. पाळी त्याची आणि दिवा हलतोय, म्हणजे पलीकडची चोरी पक्की. कुणाला एका शब्दाने न विचारता त्याने डब्याचा पासवर्ड बदलून टाकला. तेही कॅमेरावाल्याकडूनच शिकून ठेवलं होतं.

मग तो दिव्यासमोर बसला. आता शांत होईल, मग होईल.

दिवा फडफडतच होता.

पलीकडच्या घरात आता नेट जाऊच शकत नव्हतं. मग खातंय कोण? दुपार कलली तरी केरबा डब्याकडेच बघत होता. मग उठून त्याने कॅमेऱ्याची वायर उपसली. दिवा स्थिर झाला. वायर परत खुपसली. फडफड सुरू. त्याने पुन्हा उपसली, पुन्हा खुपसली. सोप्यात दुसरं कोणी नव्हतं. चोर पकडण्यासाठी आणलेली वस्तूच रात्रंदिवस नेट पीत होती, हे वस्तीवर एकट्या केरबाला कळलं.

तेवढ्यात तृप्ती दारात आली. चार वाजायला आले होते. घरातून निघताना तात्याला तिने म्हटलं होतं, तुम्ही चला बरोबर. तात्या म्हणाला, "त्याच्या दारात मी पाय ठेवणार न्हाई. तुझी गरज हाय, तू जा."

"आण्णा, नेट लागत नाही. पासवर्ड बदललाय का?"

"बदललाय."

"का?"

"आमच्या पाळीत चोरी हुतीया."

"आमच्याकडून कुणी वापरलेलं नाही. आण्णा, माझा तास आहे. पोरं येऊन बसतील आता."

केरबाच्या हातात अजून कॅमेऱ्याची वायर होती. एवढंच म्हणायचं होतं, पोरी, माझं चुकलं, हा घे पासवर्ड. एक वाक्य. पण सुनेसमोर हे वाक्य बोलायचं म्हणजे इतक्या दिवसांची वडीलकी कुठे ठेवायची? त्याने वायर हळूच डब्यामागे सरकवली.

"कबूल हो, मग देतो," तो म्हणाला.

तृप्तीने घड्याळाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. "बरं. वापरलं आम्ही."

"तसं न्हाई. चोरलं म्हण. आणि मोठ्यानं. भिंतीपलीकडं ऐकू गेलं पाहिजे."

"चोरलं," ती मोठ्याने म्हणाली. "तुमच्या पाळीत मी नेट चोरलं. आता द्या."

त्याने पासवर्ड दिला. ती पळत घरी गेली. तास वेळेवर सुरू झाला.

भिंतीपलीकडे मारुतीने सगळं ऐकलं होतं. आपली सून रोज सकाळी चूल, धुणं, गोठा यातून मान वर काढत नाही, मग चोरणार कधी, एवढा हिशेब त्याला सहज जमला असता. त्याने केला नाही. तो उठला, वाटणीनंतर पहिल्यांदा भावाच्या सोप्यात गेला आणि खाली मान घालून म्हणाला, "आण्णा, आमच्या घरात असं व्हईल वाटलं नव्हतं."

"असू दे," केरबा म्हणाला. "पोरगी हाय. तू मनाला लावून घेऊ नगंस. बस, च्या घे."

मारुती बसला. दोघांनी चहा घेतला. पलीकडून तृप्तीचा शिकवण्याचा आवाज येत होता, इकडे दोघे म्हातारे आजकालच्या सुनांबद्दल बोलत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं कशावर तरी एकमत झालं होतं.

रात्री तृप्तीने नवऱ्याला खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "मग चोरलं म्हणालीस कशाला? आता मोठ्या माणसांना खोटं कसं पाडायचं?" महिनाअखेरीस तिचं काम पक्कं झालं. त्याच आठवड्यात तिने तालुक्याच्या गावी एक खोली बघितली आणि नवऱ्याला म्हणाली, "मी निघाले. यायचं तर ये." तो आला.

वस्तीवर दोन्ही भाऊ आता गोडीने राहतात. नेटची पाळीही मोडली. कुणी सुनेचं विचारलं तर मारुती म्हणतो, "तिचं काय सांगू?" आणि शेजारी बसलेला केरबा समजूतदारपणे मान हलवतो. त्याला झोप चांगली लागते.

तात्पर्य: संशय कुणालाही येऊ शकतो. पण आपला संशय खोटा होता हे कळल्यावरही जो तोंड मिटून बसतो, तो दुसऱ्याचं नाव चोरतो; आणि तो वयाने मोठा आहे म्हणून त्याला सोडून देणारे त्या चोरीत भागीदार असतात.