लाल चिंधी, पांढरी चिंधी

“वाफ अजून थोडी सोडू का, चाचा?”

दुर्गेशनं हे पाचव्यांदा विचारलं. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि चारला शेठ येणार होते.

कासमचाचा तापमानाच्या काट्याकडे बघत राहिले. ते दिवसाला चार शब्द खर्च करायचे, त्यातला एक सकाळीच चहावाल्यावर गेलेला.

ॲसिटोन-टोल्युइनसारखी वापरून मिसळून गेलेली सॉल्व्हंटं पुन्हा वेगळी करायचा तो छोटा कारखाना. मधोमध छतापर्यंत गेलेला लोखंडी खांब, त्याला सगळे कॉलम म्हणायचे. खाली मिश्रण उकळतं, वाफ आतल्या ताटांवरून वर चढते. जड असेल ते वाटेतच गार होऊन खाली ठिबकतं, हलकं तेवढं वर पोचतं. ॲसिटोन छप्पन्न अंशाला उकळतं, टोल्युइन पार एकशे दहाला. दुर्गेशला हे सगळं पाठ. डिप्लोमात दोनदा नापास झालेला, पण तोंड मात्र फर्स्ट क्लास.

आज तेच तोंड कोरडं पडलं होतं.

ड्रम ओतायचं काम करणाऱ्या भिकूदादाला वाचता येत नव्हतं. म्हणून तो ड्रमच्या बुचाला चिंध्या बांधायचा. ॲसिटोनला लाल, टोल्युइनला पांढरी. वीस वर्षांत एकदाही चुकला नाही. आज सकाळी मात्र लाल चिंधी बघून अख्खा ड्रम ॲसिटोनच्या टाकीत ओतला, आणि निघालं टोल्युइन.

आता तो दाराशी उकिडवा बसून स्वतःचे हात बघत होता. शेठ आले की त्याला कायमचं घरी पाठवणार, हे सगळ्यांनी धरलंच होतं.

चिंध्या कुणी बदलल्या, ते एकट्या दुर्गेशला ठाऊक होतं. आता कॉलममध्ये चढवलेलं ते मिश्रण चारच्या आत वेगळं झालं तर कुणाला काही कळायचंही कारण नव्हतं.

चाचांची पाठ वळली तशी त्यानं वाफेची चावी गुपचूप दोन आटे फिरवली.

वरून धार आली. दुर्गेश शुद्ध माल ड्रममध्ये सोडायच्या नळाकडे धावला.

चाचांनी त्याचा हात बाजूला सारला. त्या धारेचे चार थेंब ग्लासातल्या पाण्यात टाकले. ॲसिटोन पाण्यात विरघळून दिसेनासं होतं. हे पाणी दुधाळ झालं... टोल्युइनही वर चढलं होतं.

चाचांनी वाफ कमी केली. दुसरी चावी उघडली आणि वर आलेलं सगळं कॉलमच्या डोक्यातून पुन्हा खाली सोडून दिलं.

“अहो, वर आलेलं परत खाली? अशानं चार काय, उद्या सकाळ होईल.”

“मिसळलेलं आहे. परत जाऊ दे.”

साडेतीन.

भिकूदादानं दारातून विचारलं, निघतंय का वेगळं. दुर्गेशनं ऐकू न आल्यासारखं केलं. मग चाचांच्या अगदी जवळ जाऊन हळूच म्हणाला,

“चाचा... चिंध्या मी बदलल्या. गंमत म्हणून. पण वीस वर्षं काम करणाऱ्यानं निदान वास तरी घ्यायचा ना?”

चाचांनी त्याच्याकडे पाहिलं. मग दुधाळ ग्लासाकडे.

“परत जाऊ दे.”

...

तापमानाचा काटा हळूहळू उतरत होता. सत्तर. पासष्ट. दुर्गेशच्या बनियनमधून घाम पाझरत होता.

“ओतायच्या आधी मी सांगणारच होतो, चाचा. तेवढ्यात चहा आला, आणि...”

चाचांनी तो दुधाळ ग्लास उचलून त्याच्या हातात दिला.

दुर्गेश ग्लास धरून उभा राहिला. वाफ चढत होती, ठिबकत होती, पुन्हा चढत होती.

काटा छप्पन्नवर येऊन थांबला. चाचांनी नवा ग्लास भरला, चार थेंब टाकले.

पाणी पाणीच राहिलं.

“चिंध्या मी बदलल्या,” दुर्गेश म्हणाला.

पुढे काही येतंय का, म्हणून चाचा थांबले.

काही आलं नाही.

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. भिकूदादा उठला, टोपी काढून हातात घेतली.

“चाचा... आता?” दुर्गेशनं विचारलं.

“आता नळ उघड.”