उंदराने कुरतडलेला शेला

पूर्वी चंपा नगरीत अरिंदम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व जुन्या कपड्यांच्या एका व्यापाऱ्याच्या घरी जन्मला होता. पुढे ज्याला बुद्ध व्हायचे, त्याच्या वाट्याला त्या जन्मी लोकांनी अंगावरून उतरवलेली वस्त्रे आली. त्याबद्दल त्याने कधी कुरकुर केली नाही. लोक त्याला चीरकशेट म्हणत.

चीरकशेटच्या दुकानाची एक रीत होती. विकायला आलेले वस्त्र तो आधी स्वच्छ धुई, मग उन्हासमोर धरून निरखी आणि जिथे दोष दिसेल तिथे तांबड्या दोऱ्याची एक गाठ मारी. डाग, भोक, विरलेले सूत, विटलेला रंग, काही सुटत नसे. गिऱ्हाईक आले की त्याला वेताच्या मोढ्यावर बसवायचे, पाणी द्यायचे आणि गाठी दाखवायच्या. गाठीमागे एक कार्षापण कमी, असा सरळ हिशेब. कार्षापण हे त्या काळचे नाणे. घासाघीस नाही, शपथा नाहीत. सौदा ठरला की घेणारा स्वतःच्या हाताने दोरे सोडून टाकी, आणि कोणी काय घेतले, केवढ्याला घेतले, ही गोष्ट त्या दुकानाचा उंबरा कधी ओलांडत नसे. चीरकशेट म्हणे, "जुनं वस्त्र घ्यायला येणारा माणूस आपली थोडी लाजही माझ्याकडे ठेवून जातो. ती सांभाळणं धंद्यातच आलं."

एकदा कौमुदीचा उत्सव जवळ आला. त्या दिवशी चंपेतल्या बायका कुसुंबी, म्हणजे केशरावर जाणाऱ्या तांबड्या रंगाचा शेला पांघरून नदीवर जात. नेमके त्याच सुमारास एका सार्थवाहाच्या, म्हणजे तांडे घेऊन फिरणाऱ्या व्यापाऱ्याच्या घरून दोन कुसुंबी शेले दुकानात विकायला आले. एकाच मागावरचे, एकाच रंगाचे. फरक एवढाच की दुसरा पेटीच्या तळाशी होता आणि त्याला उंदीर लागला होता. उंदराने दात एकदाच मारले होते, पण घडी पाच पदरी असल्यामुळे शेला उलगडल्यावर ओळीने पाच भोके दिसत. चीरकशेटने त्यावर पाच गाठी मारल्या.

गंधी आळीत चंदन उगाळून आणि धूप वळून पोट भरणारे एक घर होते. तिथल्या दोन जावांपैकी थोरली केतका सकाळीच दुकानात आली. मोढ्यावर धूळ असेल म्हणून ती बसली नाही, पदर वर धरून उभीच राहिली. तिने बिनगाठीचा शेला पाहिला, आठ कार्षापण मोजले आणि निघून गेली.

दुपारी धाकटी जाऊ सुमना आली. ती गरीब माहेराहून आली होती. लग्नाच्या दिवशी तिच्या लुगड्याला काठाजवळ ठिगळ होते, ते केतकेने सगळ्या पाहुण्यांत दाखवून तिला 'ठिगळी' म्हटले होते. या गोष्टीला तीन वर्षे झाली तरी घरात हसण्यावारी तो शब्द निघे, आणि सुमना खाली मान घालून चंदन उगाळत राही. तिने पाच गाठींचा शेला हातात घेतला, तीन कार्षापण पुढे ठेवले आणि हळूच म्हणाली, "शेटजी, याला भोकं होती हे आमच्या घरी कळू देऊ नका. एवढा एक सण मला चारचौघींसारखं दिसू द्या."

"माझ्या तोंडून कळणार नाही," चीरकशेट म्हणाला.

सुमनेच्या हातात विलक्षण कसब होते. घरची माणसे दुपारी आडवी झाली की ती शेला घेऊन बसे. शेल्याच्याच दशांतले, म्हणजे टोकाला सुटलेल्या धाग्यांतले सूत ओढून काढायचे आणि त्यानेच रफू करायचे, म्हणजे रंगात फरक पडत नाही. आठ दुपारींत पाचही भोके बुजली. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसत नव्हते. आतल्या बाजूने बोट फिरवले तर तेवढे पाच उंचवटे लागत.

उत्सव चार दिवसांवर आला तेव्हा दोघींनी आपापले शेले सासूला दाखवले. सासूने दोन्ही पाहिले, खांद्यावर टाकून पाहिले आणि म्हणाली, "दोन्ही अगदी सारखे गं. पण सुमनेला रंग खुलतो." मग तिने किंमत विचारली. केतकेने आपले आठ कार्षापण आठवडाभर आधीच घरभर मिरवले होते. सुमना खोटे बोलू शकली नाही. "तीन," ती म्हणाली.

"तीन! पोर व्यवहाराला पक्की निघाली," सासू म्हणाली.

केतकेच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी तिला जेवण गेले नाही. आठ कार्षापण गेल्याचे दुःख होतेच, पण ते थोडे. सुमनेला तसाच शेला पाच कमी देऊन मिळाला, हे खरे दुखणे होते. सुमनेने फसून दहा दिले असते तर केतकेला आपले आठ फार गोड लागले असते. मत्सराचे गणित असेच असते. त्यात आपल्या पानातले कोणी पाहत नाही, शेजारच्या पानातले तेवढे मोजले जाते.

दुसऱ्या दिवशी ती तडक दुकानात गेली. "शेटजी, माझ्याकडून आठ आणि माझ्या जावेकडून तीन? ही कुठली रीत?"

"बाई, तुमचा शेला मनास येत नसेल तर परत आणा. आठच्या आठ परत देतो."

"मला परत करायचा नाहीये. मला कारण हवंय."

"तुमच्या शेल्याचं विचारा, सांगतो. दुसरीच्या शेल्याचं मी सांगणार नाही."

"तिला म्हणे मोढ्यावर बसवलंत, पाणी दिलंत!"

"मोढा तुम्हालाही दिला होता. तुम्ही बसला नाहीत."

दुकानातली गिऱ्हाइके हसली, आणि त्या हसण्याने आगीत तेल पडले. केतकेने आळीआळीतून सांगितले की चीरकशेट तोंड पाहून भाव लावतो. दोन दिवसांत सगळ्या नगरीला ही बाधा झाली. जी बाई वर्षभर आपल्या घोंगडीवर खूश होती, ती शेजारणीला विचारू लागली, "तुला केवढ्याला पडली?" घोंगडी तीच, ऊबही तीच, पण आता ती अंगाला टोचू लागली. दुकानातली वर्दळ थांबली. इतक्यावर केतकेचे समाधान झाले नाही. ती राजाच्या दरनिर्णायकाकडे गेली. बाजारातले भाव पाहणारा हा अधिकारी कडक होता. एकच वाण दोघांना दोन भावांनी विकले असे ठरले, तर त्या व्यापाऱ्याचे दुकान सरकारजमा होई आणि त्याला नगर सोडून जावे लागे. त्याने उत्सवाच्या दिवशी सकाळी निवाडा ठेवला आणि दोन्ही जावांना ते शेले पांघरून यायला सांगितले.

त्या दिवशी पहाटे, गंधी घरांतल्या रिवाजाप्रमाणे, दोन्ही शेले धुपावर पालथ्या घातलेल्या टोपल्यांवर पसरले होते. सणाचे कपडे थोरलीने उचलायचे आणि धाकटीच्या हातात द्यायचे, अशी तिथली पद्धत. केतका दोन टोपल्यांपाशी उभी राहिली. सासूचे 'सुमनेला रंग खुलतो' हे शब्द तिच्या कानांतून जात नव्हते. तिची खात्री झाली होती की सुमनेचा शेलाच सरस आहे. चीरकशेटने काही तरी पाहूनच तिला तो दिला असणार! आज सगळी नगरी पाहणार, तेव्हा निदान आज तरी सरस शेला आपल्या अंगावर हवा. तिने उजव्या टोपलीवरचा सुमनेचा शेला स्वतः पांघरला आणि डाव्या टोपलीवरचा आपला सुमनेच्या हातात दिला. सुमना घाईत होती, भ्यालेली होती. तिने तो तसाच अंगावर घेतला.

निवाड्याला गर्दी लोटली होती. परस्त्रीच्या अंगावरचे वस्त्र हाताळणे रीतीला धरून नव्हते, म्हणून दरनिर्णायकाने शेले दुरूनच पाहिले.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" केतका म्हणाली. "दोन्ही शेले समोर आहेत. आपणच सांगावं यांत काय फरक आहे ते."

फरक कोणालाच दिसला नाही. दरनिर्णायकाने चीरकशेटला विचारले, "एकीला आठ आणि एकीला तीन, हे खरं?"

"खरं आहे, स्वामी."

"का?"

"दोन्ही भाव रास्त होते. का, ते सांगायचा हक्क माझा नाही. तो घेणारीचा आहे."

"कारण दिलं नाहीस तर दुकान जाईल. आज सूर्य मावळायच्या आत नगर सोडावं लागेल."

"जाईल, स्वामी," चीरकशेट म्हणाला. त्याच्या आजाने मांडलेले ते दुकान होते. पण बोलताना त्याने सुमनेकडे एकदाही पाहिले नाही, कारण पाहणे म्हणजेही सांगणे झाले असते.

सुमनेला ते सहन झाले नाही. ती उठून उभी राहिली. "स्वामी, शेटजींचा दोष नाही. माझ्या शेल्याला उंदरानं पाडलेली पाच भोकं होती, ओळीनं. मी ती रफू केली. घरात पुन्हा ठिगळी म्हणतील म्हणून मी लपवलं."

"दाखव," दरनिर्णायक म्हणाला.

सुमनेने शेल्याची आतली बाजू उलटली. तिथे काहीच नव्हते. तिने दुसरे टोक पाहिले, मग सगळा शेला बोटांखालून घातला. सूत सगळीकडे सारखे, सलग. लोक हसू लागले. कोणी तरी म्हणाले, "शेटनं पढवून आणलेली दिसते." सुमना तो शेला पुन्हा पुन्हा उलटून पाहू लागली. स्वतःच्या हातांनी केलेले काम कुठे गेले, हे तिला कळेना.

केतकेला मात्र कळले. 'ओळीने पाच' हे शब्द ऐकताच तिचा हात खांद्याकडे गेला होता. सकाळपासून तिथे काही तरी खरखरत होते. एक, दोन, तीन, चार, पाच. ती गप्प राहिली असती तर तिला हवे ते सगळे मिळणार होते. चीरकशेट जाणार होता, सुमना भर सभेत खोटी ठरणार होती आणि घरात पुन्हा कोणी तिचे कौतुक करणार नव्हते. यासाठीच तर तिला चार दिवस अन्न गोड लागले नव्हते. पण तिची बोटे त्या रफूवरून हलेनात. टाके किती बारीक होते! किती दुपारी गेल्या असतील, आणि त्या सगळ्या कुणाच्या एका शब्दाच्या भीतीने गेल्या, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की बसणे अशक्य झाले.

"थांबा," ती उठून म्हणाली. "तिचा शेला माझ्या अंगावर आहे. सकाळी मी बदलला." आणि तिने शेला उतरवून त्याची आतली बाजू सगळ्यांपुढे धरली.

गर्दीत बसलेली सासू कपाळाला हात लावून म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

दरनिर्णायकाने विचारले, "बदललास कशाला?"

"तिचाच चांगला आहे असं वाटलं म्हणून."

लोक पुन्हा हसले. "आणि आता?"

केतकेने हातातल्या रफूकडे पाहिले. "आताही तसंच वाटतं," ती म्हणाली. या वेळी कोणी हसले नाही.

दरनिर्णायकाने चीरकशेटला निर्दोष ठरवले आणि खोट्या फिर्यादीबद्दल केतकेला काय दंड करावा, असे त्यालाच विचारले. चीरकशेट म्हणाला, "त्यांचा शेला परत घ्यायचा शब्द मी दिला होता. तो अजून कायम आहे. बाकी मला काही नको." केतकेने शेला परत केला नाही. ती चीरकशेटच्या पाया पडली आणि मग जावेकडे वळली.

"सुमने, आजच्या दिवस तुझा शेला मला देतेस?"

"जाऊबाई, पण तो..."

"तोच दे."

त्या संध्याकाळी केतका नदीवर गेली ती शेल्याची आतली बाजू बाहेर करून. पाचही रफू खांद्यावर सगळ्यांना दिसत होते. बायका विचारत, "अगं, उलटा कसा पांघरलास?" ती सांगे, "माझ्या जावेच्या हातचं काम आहे, ते दिसायला नको?" तिचा मत्सर एका दिवसात धुऊन निघाला असे नाही. तो पुढेही अधूनमधून डोके वर काढी. पण 'ठिगळी' हा शब्द त्या घरात पुन्हा कोणाच्या तोंडी आला नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केतका दुकानात गेली तेव्हा आधी मोढ्यावर बसली.

शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, जेतवनात असताना त्यांनी ही कथा सांगितली ती एका भिक्षूमुळे. एका उपासिकेने दोन भिक्षूंना चीवरे दिली होती. चीवर म्हणजे तुकडे जोडून शिवलेले वस्त्र. तरीही त्यांतल्या एकाला दुसऱ्याचे तुकडे अधिक सरस वाटले, आणि तो तीन दिवस धुमसत होता. कथा संपवून शास्त्यांनी आताच्या माणसांशी तिचा मेळ घालून दिला. "तेव्हाची केतका म्हणजे हा धुमसणारा भिक्षू. सुमना म्हणजे तो ज्याच्यावर जळतो आहे तो त्याचा सोबती. सासू म्हणजे चीवरे देणारी उपासिका, दरनिर्णायक म्हणजे संघातला नियम पाहणारा थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, आणि चीरकशेट म्हणजे मीच."

मग ते म्हणाले, "स्वतःचे सर्वस्व जात असतानाही दुसऱ्याची लाज झाकून ठेवणे, याला करुणा म्हणतात."

तो भिक्षू उठला, सोबत्याजवळ जाऊन बसला, आणि त्याच्या चीवराची उसवलेली एक शिवण पाहून त्याने सुई मागितली.