फिलेमोनने बाळाचं नाव सांगितलं

प्रवरेकाठच्या एका गावात एक भोळा गवंडी राहायचा. त्याचं नाव फिलेमोन. भिंत बांध म्हटलं तर ओळंब्यात सरळ बांधायचा. पण दार ठेव म्हणायला विसरलात, तर घर बिनदाराचं. यात तो स्वतःची चूक धरायचा नाही. "आधी सांगायचं ना," एवढंच म्हणायचा.

त्याची बायको सलोमी. तिच्या मांडीवर तीन महिन्यांचं बाळ, आणि बाळाला अजून नाव नव्हतं. कुणी ढब्ब्या म्हणे, कुणी ठोंब्या. सलोमीचा जीव खाली-वर व्हायचा. तिचे वडील शांतवन मागच्या साली वारले. त्यांचंच नाव, सांत्वन या अर्थाचं, तिला ठेवायचं होतं. पण ते तिनं नवऱ्याखेरीज कुणालाच सांगितलं नव्हतं. फिलेमोनच्या आत्याबाईंच्या मनात त्यांच्या सासऱ्याचं नाव होतं. सासऱ्याचं नाव मथुशलह.

ख्रिस्ती देवळाच्या पाळकसाहेबांनी अट घातली. बापाने रविवारी एक वचन पाठ करून यायचं, मगच बाळाला बाप्तिस्मा देऊन नाव ठेवायचं. सलोमीने पवित्र शास्त्रातलं सगळ्यात लहान वचन शोधून दिलं. दोनच शब्दांचं.

रविवार आला. पाळकसाहेब म्हणाले, "हं फिलेमोन, झालं का पाठ?"

फिलेमोनने सदरा काढला आणि पाळकसाहेबांकडे पाठ केली. पाठीवर चुन्याने दोन शब्द लिहिलेले. शेजाऱ्याने लिहून दिले होते. काना-मात्रेची एक चूक होती, ती पाळकसाहेबांनी दाखवली. मग म्हणाले, आता पुढच्या रविवारी. तेव्हाही जमलं नाही तर थेट नाताळात, कारण मधे मी दौऱ्यावर.

नाताळ म्हणजे सात महिने. तोवर बाळ ढब्ब्या या नावाला ओ द्यायला लागलं असतं. सलोमीने घरी येऊन त्याची पाठ घासता घासता समजावलं, की वचन पाठीवर घ्यायचं नसतं. तोंडात ठेवायचं. उठता-बसता म्हणायचं.

"असं होय," फिलेमोन म्हणाला. "आधी सांगायचं ना."

आणि त्याने ते लक्षात ठेवलं. लक्षात ठेवण्यात तो पक्का होता.

सोमवारी सलोमी त्याला हळूच म्हणाली, की आत्याबाईंनी शिवलेलं झबलं अगदी गोणपाट आहे, बाळाला पुरळ आलं. दुपारी आत्याबाईच आल्या. फिलेमोन त्यांना बघून उठला आणि म्हणाला, "झबलं गोणपाट." खाली बसला आणि म्हणाला, "बाळाला पुरळ." पुन्हा उठला, पुन्हा म्हणाला. आत्याबाई चहा न घेता गेल्या. जाताना झबलंही घेऊन गेल्या.

सलोमीने कपाळाला हात लावला. अशा गोष्टी तोंडावर आणायच्या नसतात, ती म्हणाली. डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात घोळवायच्या.

"असं होय. आधी सांगायचं ना."

गुरुवारी घरात मासे आले. सलोमी बाळाला न्हाऊ घालायला निघाली. जाताना म्हणाली, तेवढे तुकडे घोळवून ठेवा. फिलेमोन माशांपुढे मांडी घालून बसला, डोळे मिटले आणि घोळवायला लागला. शेजारचं मांजर आलं. निवांत जेवलं. सलोमी बाळाला दुपट्यात गुंडाळून बाहेर येते तो परात चकचकीत.

"अहो, मासे?"

"थांब, मधे बोलू नको," फिलेमोन डोळे न उघडता म्हणाला. "शेपटाकडचा एकच राहिलाय."

त्या रात्री चटणी-भाकरी झाली. सलोमीने बजावलं, पुढे अन्न असताना डोळे उघडे ठेवायचे, आणि जो ताटावर वाकेल त्याला हाकलायचं.

"असं होय. आधी सांगायचं ना."

शनिवारी पाळकसाहेब जेवायला आले. ताट पुढे आलं. साहेबांनी डोळे मिटले आणि आशीर्वाद मागायला ताटावर मान वाकवली.

"शुक् शुक्," फिलेमोन म्हणाला आणि त्याने ताट ओढून घेतलं.

पाळकसाहेब बाहेर पडताना एवढंच म्हणाले, की उद्या शेवटची संधी.

सलोमीला रडू फुटलं. मग तिनं डोळे पुसून नवऱ्याला समोर बसवलं. "उद्या तुम्ही काहीच ठरवायचं नाही. मी मागं उभी राहीन. मी जे हळूच सांगेन ते मोठ्यानं म्हणायचं. शब्दाला शब्द."

"एवढंच?"

"एवढंच."

रविवारी देऊळ भरलं होतं. पहिल्या बाकावर आत्याबाई, मांडीवर झबलं. पाळकसाहेबांनी वचन विचारलं. सलोमी मागून पुटपुटली, फिलेमोन खणखणीत बोलला. दोन्ही शब्द बरोबर. लोक चकित झाले. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला, सलोमीच्या हातांवरच्या बाळाकडे वळून पाण्यात बोटं बुडवली.

"मुलाचं नाव?"

आणि नेमका बाळाने सलोमीच्या कानातला डूल धरला. सोडेना. कान ओढला, डोळ्यांत पाणी आलं, फिलेमोन तर मान वळवून तिच्याकडे बघत उभा. ती घाईघाईने कुजबुजली, "अहो, सांगा ना."

"अहोसांगाना," फिलेमोन मोठ्याने म्हणाला.

पाळकसाहेब थबकले. शास्त्रातलं एकही नाव आपल्याला अडत नाही, असं ते तीस वर्षं सांगत आले होते. सगळं देऊळ त्यांच्याकडे बघत होतं.

"अहोसांगाना," ते सावकाश म्हणाले. "जुन्या करारातलं. बन्यामिनाच्या वंशातलं असावं. फार विरळा."

"अगं बाई, हे काय," सलोमीच्या तोंडून निघालं.

"अगंबाईहेकाय," फिलेमोन म्हणाला.

"हे तर त्याच्या बापाचं नाव," पाळकसाहेब म्हणाले. आता त्यांना खात्रीच पटली होती. त्यांनी बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी घातलं आणि अहोसांगाना या नावाने त्याचा बाप्तिस्मा केला.

डूल सुटला. सलोमी पुढे वाकली आणि होता तेवढा जीव गोळा करून म्हणाली, "शांतवन."

"शांतवन," फिलेमोनने देवळाच्या कौलांपर्यंत आवाज पोचवला.

"होय," पाळकसाहेब हात उंचावून म्हणाले, "सर्वांचं शांतवन होवो."

आणि सगळं देऊळ एका आवाजात म्हणालं, "आमेन."