इनासची पाठ

वारा अगदी पडला होता त्या दिवशी, असं म्हणतात. माडाची झावळी हलत नव्हती, आभाळ ताकासारखं पांढुरकं झालं होतं आणि ओहोटीचा चिखल उन्हात उकडत होता. ही फार वर्षांपूर्वीची गोष्ट, आपल्या खाडीवर पूल नव्हता तेव्हाची. दिवस ईस्टरच्या सणाआधीच्या उपासकाळातला, शेवटला गुरुवार.

खाडीवर इनास नावाचा नावाडी होता. ओहोटीला होडी काठाला लागायची नाही, चिखलातच टेकायची. मग इनास खाली उतरायचा आणि एकेकाला पाठीवर घेऊन काठाला न्यायचा. उपासकाळात लोक मटण-मासळी सोडत. इनासच्या ताटात सोडण्याजोगं काही नव्हतंच. म्हणून त्यानं नेम धरला होता, की सणापर्यंत कुणाला पाठ नाकारायची नाही, आणि काठावर उतरवला की आपल्या पिण्याच्या मडक्यातल्या पाण्यानं त्याचे पाय धुवायचे.

त्याचा शेजारी बस्त्याव. दोघांच्या कुंपणाची वई एकच, पण बोलणं नव्हतं. इनासच्या शेळीनं बस्त्यावची केळीची रोपं खाल्ली होती, तेव्हापासूनचं.

त्या संध्याकाळी चर्चमध्ये, प्रभूनं आपल्या बारा शिष्यांचे धुतले तसे, फादर बारा जणांचे पाय धुणार होते, आणि बारांत बस्त्याव होता. मोठा मान तो. पण तेव्हा आपल्या लोकांची रीत अशी, की हे बारा जण घरूनच पाय नारळाच्या काथ्यानं घासूनपुसून जायचे. फादरांच्या हाताला मळ लागायला नको ना. बस्त्याव पलीकडे लेकीकडे गेला होता, तोही तिथून पाय घासूनच निघाला.

होडी चिखलात टेकली. इनास उतरून पाठ करून उभा राहिला.

"बस, बस्त्यावदादा."

"माझे पाय मोडले नाहीत अजून."

"भरतील ना. चर्चला जायचंय तुला."

"भरू देत. तुझ्या पाठीला पोट लावण्यापेक्षा चिखल बरा."

"मग डावीकडून जाऊ नकोस. तिथं चिखल धरतो."

बस्त्याव मुद्दाम डावीकडूनच गेला. दहा-बारा पावलं गेला असेल, गुडघ्यापर्यंत रुतला. पाय उपसायला गेला तसा कमरेपर्यंत गेला. तेवढ्यात खाडीच्या तोंडाशी सळसळ ऐकू आली. पुनवेचं उधाण होतं, भरती फिरली होती.

इनास धावला. पण उभा राहून हात द्यावा तर दोघंही जाणार. म्हणून तो चिखलात पालथा पडला, फळीसारखा.

"खांद्याला धर आणि वर ये. माझ्या अंगावरून चालत जा."

"माणसाच्या अंगावर पाय कसा देऊ?"

"माझ्या शेळीनं तुझ्या केळीवर दिला तसा दे. लवकर कर, दादा."

बस्त्यावनं खांदा धरला, ओरबाडत वर आला, आणि त्या पाठीवरून चालत कठीण जमिनीला लागला. पण त्याच्या भारानं इनास खाली दबला. पाणी त्याच्या कानापाशी आलं. तिकडं चर्चची घंटा सुरू झाली, बारा जणांना बोलवायला. बस्त्यावनं एकदा घंटेकडे पाहिलं, एकदा मागं. मग त्यानं काठावरच्या खुंटाचा दोर सोडला.

असं म्हणतात, की तो दोर टाकून ओढत होता तोवर घंटा थांबली नाही, आणि घंटा वाजत होती तोवर पाणी इनासच्या ओठांशी आलं नाही. सगळी खाडी भरली, तेवढी जागा सोडून. आजही ओहोटीला तिथं माणसाच्या पाठीएवढा खडक वर येतो. त्याला आपण इनासची पाठ म्हणतो. तिथं आजवर कुणी रुतलं नाही, असंही म्हणतात.

म्हणून आपल्याकडे त्या गुरुवारी बारा जण घरून पाय धुऊन येत नाहीत. त्या खडकावरून चालत, चिखलाच्या पायांनी थेट चर्चमध्ये शिरतात. फरशी घाण होते, कुणी काही म्हणत नाही. फादरांनी पाय धुतले की प्रत्येक जण उठतो, मडकं उचलतो, ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याच्यापुढं जाऊन बसतो आणि बस्त्यावचेच शब्द बोलतो.

कारण त्या दिवशी इनास चिखलातून वर आला, आणि तसाच मडकं घेऊन बस्त्यावच्या पायांशी बसला होता. नेम होता ना त्याचा. बोटांच्या बेचक्यांतला चिखलसुद्धा त्यानं काढला.  मग बस्त्यावनं इनासच्या हातातलं मडकं काढून घेतलं, आणि तो म्हणाला,

"माझं झालं. आता तू बस, इनास. पाय इकडे कर."