सोनेरी शिरांची भेंडी

पानावर सोन्याच्या तारा उमटलेल्या तुम्ही कधी पाहिल्या आहेत का? फार जुन्या काळी, झाडं एकमेकांशी मोकळेपणाने बोलत तेव्हा, गोदाक्काच्या मळ्यात एका भेंडीच्या पानांची शीर न् शीर पिवळीधमक झाली होती.

वाफ्यात तिचं फार कौतुक झालं. बांधावरचा झेंडू म्हणाला, "काय बाई थाट! आता नथ तेवढी राहिली."

शेजारची भेंडी लहान होती. तिला नुकतीच पहिली कळी आली होती. तिने विचारलं, "ताई, हे सोनं तुला कुणी दिलं गं?"

"पांढरी माशी येऊन रस पिऊन गेली, त्यानंतर आलं," मोठी म्हणाली. तेव्हापासून आपल्याला लागणाऱ्या भेंड्याही पिवळट आणि राठ निघतात, हेही तिला सांगायचं होतं. पण एवढं कौतुक चाललेलं असताना ते तिच्या तोंडून निघालं नाही.

धाकटीने माशीला हाक मारली, "माशीबाई, माझ्याकडेही बसा ना!"

"मला काय, पान कोवळं असलं म्हणजे झालं," माशी म्हणाली. मोठीच्या पानावरून उठून ती धाकटीच्या पानावर बसली आणि पोटभर रस प्यायली. संध्याकाळपर्यंत धाकटी आपली पानं निरखत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाक्काने "हिला केवडा रोग झालाय" म्हणत मोठ्या भेंडीला मुळासकट उपटून जाळलं, आणि धाकटी अजून हिरवीगार दिसत होती म्हणून तिला तांब्याभर पाणी घातलं.