जातोबांचा थकवा

घरोघरी पहाटे जातं घरघरायचं, त्या काळातली ही गोष्ट. खुंटीवरच्या चाळणीने भागामावशीचं शेजारणीशी चाललेलं बोलणं अर्धंच ऐकलं. "जातं थकलंय गं. उद्या पाथरवट येऊन त्याला फोड..." पुढचं बांगड्यांच्या किणकिणाटात बुडालं.

"जातोबा, उद्या तुम्हाला फोडून पायरी करणार!" चाळणीने लगेच बातमी पोचवली.

जातोबांना ते खरंच वाटलं. आठवडाभर पीठ जाडंभरडंच पडत होतं.

"चार दिवस पडून राहा की, थकवा जाईल," चाळण म्हणाली.

"तुझा जातो, बाई. तू चाळून दमतेस, खुंटीवर टांगलं की ताजीतवानी. मी कितीही पडून राहिलो तरी दळण जाडच."

कोपऱ्यातली गंजकी विळी कुरकुरली, "मी तर पडून पडूनच थकले."

सकाळी पाथरवट आला. जातोबांनी डोळे मिटले. छिन्नीचे घाव बसले, ठिणग्या उडाल्या, कपच्या फुटल्या. गुळगुळीत झालेल्या अंगावर नव्या खाचा उमटल्या. मावशीला हेच फोडणं हवं होतं. मावशीने ज्वारीची मूठ टाकली. पीठ पडलं मऊसूत.

"फोडलं की नाही? खरी निघाली ना माझी बातमी?" चाळण म्हणाली.

"निघाली गं," जातोबा घरघरत हसले, "पायरी तेवढी राहिली."